लज्जेचे मूळ

उपचाराकडून काय अपेक्षावे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटला तरी त्याचे मूळ नीतिविचारात आहे. अपेक्षा ही केवळ फळाची कल्पना नसते. जे आहे ते असू नये, हा निर्णय तिच्यात आधीच झालेला असतो. लेसर किरणांनी अंगावरील केस काढण्याच्या उपचाराचा विचार करताना हा निर्णय कोणाचा, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

उपचाराचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण निर्माण केला. पुढे १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी असे तत्त्व मांडले की, योग्य तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ टाकला तर भोवतालच्या त्वचेला फारशी इजा न होता रंगद्रव्य धारण करणारा भागच तेवढा तापवून नष्ट करता येतो. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि ती उष्णता केशमुळापर्यंत पोहोचते. मात्र हे प्रामुख्याने वाढीच्या अवस्थेतील केसांच्या बाबतीत घडते. सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका घ्याव्या लागतात. पांढऱ्या केसात रंगद्रव्य नसल्याने त्यावर प्रकाश व्यर्थ जातो. अंतःस्रावांच्या विकारामुळे केस येत असतील तर मूळ विकार कायम असेपर्यंत नवे केस येत राहतात. क्वचित, विशेषतः चेहऱ्यावर आणि मानेवर, उपचारानंतर केस वाढल्याचेही आढळले आहे.

या मर्यादा शास्त्राने लपविलेल्या नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणांच्या संदर्भात जो शब्दप्रयोग मान्य केला, तो कायमस्वरूपी ‘घट’ असा आहे. कायमस्वरूपी ‘निर्मूलन’ असा नाही. उपचारक्रमानंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरातीची भाषा या दोन शब्दांमधील अंतर सहज ओलांडते. शब्दार्थाचा विवेक हा केवळ साहित्याभ्यासकाचा विषय नव्हे, हे येथे ध्यानात येते. ‘घट’ म्हणणारा वैद्य रुग्णाला प्रौढ आणि विचारी मानतो. ‘निर्मूलन’ म्हणणारा विक्रेता त्याच्या आशेचे भांडवल करतो.

दुसरी एक गोष्ट अधिक विचारणीय आहे. प्रकाशाला मनुष्य दिसत नाही, रंगद्रव्य दिसते. आणि ते केसात जसे असते तसे त्वचेतही असते. गोरी त्वचा आणि काळे केस असतील तर हा किरण सुकरपणे काम करतो. सावळ्या त्वचेत मात्र तो वरच्या थरातच शोषला जाऊन भाजण्याचा किंवा काळा-पांढरा डाग उमटण्याचा धोका वाढतो. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, त्वचेत खोलवर जाणारा आणि मेलॅनिनकडून तुलनेने कमी शोषला जाणारा किरण उपयोगात आल्यावर हा धोका बराच उणावला, तरी तो नाहीसा झाला नाही. भारतातील बहुसंख्यांचा वर्ण या यंत्राच्या आरंभीच्या गणितात अपवाद होता. सौंदर्याचा जो मानदंड आधीच गोऱ्या कांतीकडे झुकलेला होता, त्याच्याच बाजूला यंत्राची सोयही असावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

परंतु केस नकोसे होणे हा तरी निसर्गाचा नियम आहे काय? भारतीय साहित्यपरंपरेचे उत्तर वेगळे आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या यौवनाचे वर्णन करताना नाभीकडे गेलेल्या कोवळ्या रोमराजीला सौंदर्याचे स्थान दिले आणि नंतरच्या काव्यात हा संकेत रूढ झाला. भरताच्या नाट्यशास्त्रात रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे. अंगावरचा केस तेथे अंतःकरणातील भावाची साक्ष देतो. जे एका युगात अलंकार होते ते दुसऱ्या युगात वैगुण्य ठरते. तेव्हा वैगुण्य केसात नसून पाहणाऱ्या दृष्टीत आहे, असे म्हणावे लागते.

ही दृष्टी सक्तीचे रूपही घेते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. ब्राह्मण विधवांच्या केशवपनाची रूढी एकोणिसाव्या शतकात धर्माच्या नावाने चालत होती. आगरकरांनी तिच्यावर लेखणी उगारली आणि १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. तेथे केस काढवून घेणारी स्त्री पराधीन होती, हे उघड होते. आजची स्त्री शुल्क भरून, संमतिपत्रावर सही करून उपचाराला जाते. दोन्ही गोष्टी एक मानणे हा त्या विधवांच्या दुःखाचा अधिक्षेप होईल. तरीही संमती आणि स्वातंत्र्य यांत अंतर असते. विवाहाच्या बाजारात नाकारले जाण्याच्या भयातून आलेली संमती कायद्याला पुरते. नीतीला ती पुरेशी वाटत नाही.

म्हणून उपचार त्याज्य ठरवावा काय? तसे म्हणणे सोपे असले तरी निष्ठुर आहे. रोज पहाटे घरातले कोणी उठण्यापूर्वी हनुवटीवरून वस्तरा फिरविणाऱ्या स्त्रीला, अथवा चेहऱ्यावरील दाढी ज्या पारलिंगी व्यक्तीच्या आत्मप्रत्ययाला छेद देते तिला मिळणारा दिलासा खरा असतो. समाजाची दृष्टी बदलेपर्यंत तिने क्लेश सोसावा, असा उपदेश करण्याचा अधिकार तो क्लेश न सोसणाऱ्याला पोहोचत नाही. दृष्टी बदलण्याचे दायित्व समाजाचे आहे. त्याचा भार एकट्या देहावर टाकणे अन्याय्य होय.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर मर्यादेच्या भाषेतच देता येते. या उपचाराकडून केसांची घट अपेक्षावी, वारंवार करावी लागणारी देखभाल गृहीत धरावी आणि आपल्या वर्णाला साजेसा किरण योजला जात आहे की नाही, हे विचारून घ्यावे. त्यापलीकडची अपेक्षा किरणाच्या आवाक्यात नाही. तो रंगद्रव्य शोधीत जातो, आणि लज्जेला रंगद्रव्य नसते. ती ज्या दृष्टीतून उपजली तिचे मूळ त्वचेखाली नाही. घरात, बाजारात आणि बोलण्यात आहे. तेथवर पोहोचण्याचे काम माणसांनाच करावे लागेल.