दुरुस्तीची परवानगी

दोस्तांनो, समजा तुमचं घर पडायला आलंय. राजा म्हणतो, दुरुस्त कर, माझी ना नाही. पण नवं बांधायचं नाही. बांधलंस तर ते माझ्या धर्माच्या घशात जाईल. आता मला सांगा, हा राजा तुमचा वाली की तुमच्या मुळावर उठलेला?

हा कायदा मी मनानं रचलेला नाही. इ. स. ४३८ साली दुसरा थिओडोसियस या रोमन बादशहानं तो ज्यू लोकांसाठी काढला. पडायला आलेलं सिनेगॉग सावरता येईल, नवं उभारता येणार नाही. उभारलंच तर ते चर्चचं. त्याच कायद्यात सरकारी मानाच्या जागा ज्यूंना बंद. हे वाचलं तेव्हा मी रातपाळी करून आलो होतो, डोळे चुरचुरत होते, तरी दोनदा वाचलं. आमच्या वस्तीतही पत्रा बदलता येतो, भिंत वर घेता येत नाही.

परवा आपल्या अभ्यासवर्गात वाद झाला. ज्यूंना जास्त कुणी छळलं, ख्रिस्त्यांनी की मुसलमानांनी? एकानं ख्रिस्त्यांची यादी काढली, दुसऱ्यानं मुसलमानांची. दोघंही तावातावानं. मी गप्प बसलो, कारण चारचौघांत मला शब्द वेळेवर सापडत नाहीत. म्हणून लिहितो. माझं म्हणणं असं की हा वादच चुकीच्या टोकानं सुरू झाला.

आधी हकीकत. ७० साली रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं. १३५ साली ज्यूंचं शेवटचं मोठं बंड मोडलं आणि यरुशलेममध्ये ज्यूंना पाऊल टाकायला बंदी आली. तरीसुद्धा २१२ साली काराकल्ला बादशहानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं, त्यात ज्यूही आले. हे ध्यानात ठेवा. पुढं जे हिसकावलं गेलं ते नागरिकाच्या हातातून हिसकावलं गेलं.

मग राज्य ख्रिस्ती झालं. ३८८ साली युफ्रेटिस नदीवरच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावानं सिनेगॉग जाळलं. गावचा बिशपच चिथावणी देणारा. तेव्हाचा बादशहा पहिला थिओडोसियस. स्वतः कट्टर ख्रिस्ती, पण त्यानं हुकूम सोडला : बिशपनं आपल्या खर्चानं ते पुन्हा बांधून द्यावं आणि जाळणाऱ्यांना शिक्षा व्हावी. सरळ न्याय. जाळलंस, भर.

मिलानचा बिशप अँब्रोज खवळला. मोठा विद्वान, आजही संत म्हणून पुजला जातो. त्यानं बादशहाला पत्र धाडलं. ख्रिस्ती माणसानं आपल्या पैशानं ज्यूंचं प्रार्थनास्थळ बांधायचं म्हंजे धर्म बुडवायचा. त्यापेक्षा मीच ते जाळलं असं समजा. बादशहा थोडा नमला, म्हणाला, बिशप नको, दुसरीकडून खर्च करू. तेवढ्यानं भागलं नाही. बादशहा चर्चमध्ये आला तेव्हा अँब्रोज समोर उभा राहिला आणि सगळं प्रकरण मिटवायचं वचन घेतल्याशिवाय त्यानं पुढचा विधी सुरूच केला नाही. बादशहानं वचन दिलं. खटला संपला.

यात मला जमावापेक्षा अँब्रोजची भीती वाटते. जमाव पेटतो, विझतो. अँब्रोज शांतपणे कागदावर लिहितो की तुझ्यावरचा अन्याय भरून काढणं हाच आमच्यावरचा अन्याय आहे. हा युक्तिवाद ज्यानं एकदा ऐकलाय तो जन्मभर ओळखतो.

गंमत म्हणजे पाचच वर्षांनी, ३९३ साली, याच बादशहानं कायदा केला की ज्यूंचा पंथ कुठल्याही कायद्यानं बेकायदा नाही, सिनेगॉग उद्ध्वस्त करणाऱ्यांना आवरा. म्हणजे कायदा होता. कॅलिनिकमलाही कायदाच होता. पण एका माणसाच्या कानाशी दुसरा कोण बसलाय यावर तो चालायचा.

मारून का टाकलं नाही? याचं उत्तर ऑगस्टिननं दिलं. तोही संत, तोही विद्वान, अँब्रोजच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेला. त्याचं म्हणणं, ज्यूंना मारू नका, विखरून ठेवा. ख्रिस्ताची भाकितं त्यांच्या जुन्या ग्रंथांत आहेत. ते ग्रंथ घेऊन ते जगभर फिरतात, म्हणजे आम्ही ती भाकितं मागाहून रचली असा आळ आमच्यावर येत नाही. धन्याच्या मागनं त्याची पुस्तकं वाहणाऱ्या गुलामाशी त्यानं ज्यूंची तुलना केलीय. वाहणारा थकतो, वाचणारा शहाणा होतो. आणि पुस्तकं मुळात कुणाची? वाहणाऱ्याची!

दोस्तांनो, हा विचार दयाळू आहे हे मी नाकारत नाही. पुढं शेकडो वर्षं या विचारानं ज्यूंचे जीव वाचले असतील. पण यात ज्यू जगतो तो दुसऱ्याचा पुरावा म्हणून. त्याचं खाली पडलेलं असणं हाच पुरावा. तो उठून उभा राहिला तर पुरावा मोडतो. जगू द्यायचं आणि उठू द्यायचं नाही, दोन्ही एकाच वाक्यात.

मग कायदे येतच राहिले. ४१८ साली सरकारी नोकरी बंद, फौजही बंद. ४२९ पर्यंत ज्यूंच्या धर्मप्रमुखाची गादी संपली. सगळ्यात बोलका कायदा जस्टिनियनचा, ५३७ सालचा. रोमन शहरात नगरसभेचं काम म्हणजे स्वतःच्या खिशातून कर भरून देण्याची जोखीम, वरून थोडा मान. जस्टिनियन म्हणतो, ज्यूंनी ही जोखीम उचललीच पाहिजे, मान मात्र त्यांना मिळणार नाही. कुणाला शंका राहू नये म्हणून स्पष्ट लिहिलंय. ५५३ साली तर त्यानं सिनेगॉगात ग्रंथ कुठल्या भाषेत वाचावा, कुठला ग्रीक अनुवाद चालेल, यातही नाक खुपसलं. ग्रंथावरची गुरुपरंपरेनं चालत आलेली विवरणं बंद म्हणाला. आधी पुस्तक वाहायला लावलं, मग ते कसं वाचायचं हेही शिकवायला आला.

स्पेनमध्ये राजा सिसेबुतनं ६१६ च्या सुमारास ज्यूंना जबरदस्तीनं ख्रिस्ती केलं. ६३३ साली टोलेडोच्या धर्मसभेनं ठरवलं की जबरदस्ती करणं चूक. पण ज्यांच्यावर ती झाली त्यांना परत फिरता येणार नाही! ख्रिस्ती होऊनही ते संशयितच राहिले, त्यांच्यावर नजर ठेवणारे कायदे निघाले. ६९४ साली ज्यूंना गुलाम करायचं ठरलं. सतराच वर्षांनी, ७११ साली, तिथं मुसलमान फौजा उतरल्या.

आता ती बाजू. इथं आपला दुसरा मित्र म्हणेल, बघ, सुटका झाली. झालीच. ती मी झाकणार नाही. यरुशलेममध्ये ज्यूंना पाचशे वर्षं राहू दिलं नव्हतं. चौथ्या शतकात वर्षातून एक दिवस यायची मुभा होती, तीही पडक्या जागेवर रडण्यापुरती. अरबांनी ६३८ च्या सुमारास शहर घेतलं आणि ज्यू परत राहायला आले. कैरोच्या सिनेगॉगात जुन्या कागदांची कोठी सापडली, तिला गेनिझा म्हणतात. तिथल्या एका लेखात गोष्ट आहे. ज्यूंनी दोनशे कुटुंबांना परवानगी मागितली, ख्रिस्ती धर्मप्रमुख पन्नासाच्या वर जाईना, खलिफा उमरनं सत्तर ठरवली. तिबेरियाहून सत्तर घरं आली. भाव करून मिळालेलं गाव! तरी गाव ते गाव. त्या सत्तरांतल्या म्हाताऱ्यांना जाऊन कुणी सांगावं की ही मेहेरबानी खोटी आहे? माझी तर छाती होणार नाही.

पण हिशोब पुरा मांडू. मदिनेत बनू कुरैझा या ज्यू टोळीचे पुरुष ६२७ साली मारले गेले, हे मुसलमान परंपराच सांगते. खैबरच्या ज्यूंना ६२८ साली निम्म्या वाट्यानं आपलीच जमीन कसायला ठेवलं. याच उमरनं पुढं त्यांना तिथून हलवलं. ठेवणाऱ्याच्या मनात असेतोवर ठेवलं. बाकी प्रदेशात जिझिया घ्या आणि संरक्षण द्या, असा व्यवहार. असं संरक्षण मिळालेला तो जिम्मी. अबू युसुफ हा आठव्या शतकातला कायदेपंडित दर सांगतो : हातानं कष्ट करणाऱ्याला वर्षाला १२ दिरहॅम, मधल्याला २४, श्रीमंताला ४८. बायका, मुलं, कंगाल यांना माफी. तो असंही बजावतो की जिझियासाठी कुणाला मारू नका, उन्हात उभं करू नका. भला माणूस. पण कुणी उन्हात उभं करत असल्याशिवाय असं लिहावं लागत नाही.

उमरच्या नावानं एक करार सांगतात. त्याचा आजचा मजकूर बराच नंतर घडला. तो ख्रिस्त्यांच्या तोंडी आहे, पण नियम ज्यूंनाही लागू झाले. नवं प्रार्थनास्थळ बांधणार नाही. मुसलमान बसायला आला तर उठून जागा देऊ. त्यांच्यासारखा पोशाख करणार नाही. खोगीर टाकून बसणार नाही. ८५० साली खलिफा मुतवक्किलनं तर जिम्मींना मधाच्या रंगाची पिवळी वस्त्रं लावली आणि त्यांच्या दारांवर लाकडी सैतान ठोकायला सांगितले.

नवं बांधायचं नाही, हा नियम बघितलात? थिओडोसियसच्या कायद्यातून निघून खलिफाच्या राज्यात तसाच चालू राहिला. राजाचा धर्म बदलला, पोथी बदलली, परवानगीचा कागद तोच. म्हणून मी म्हणतो, बरा धनी कोणता हा प्रश्न आहेच, तो जिवंत माणसाच्या जिवाशी आहे, त्याला क्षुल्लक म्हणू नका. टोलेडोपेक्षा बगदाद बरंच. पण तो प्रश्न संपला की दुसरा उरतो : परवानगी देणारा कोण आणि मागणारा कोण, हे कुणी ठरवलं? आपल्या वर्गात भांडलो पहिल्यावर. दुसऱ्याला कुणी हातच लावला नाही.

ज्यूंनी काय केलं? नुसते रडत बसले नाहीत. बाबिलोनियात सुरा आणि पुंबेदिता इथं त्यांची विद्यापीठं उभी राहिली, तिथं तालमूद घडला. तिसऱ्या शतकातला श्मुएल म्हणाला होता, राज्याचा कायदा तो कायदा, पाळा. मला हे प्रथम लाचारीचं वाटलं. मग कळलं, तालमूदमध्येच त्याला कुंपण घातलंय. ज्या जकातदाराच्या वसुलीला धरबंध नाही तो लुटारूच धरावा. म्हणजे मान तुकवताना त्यांनी माप हातात ठेवलं. अर्थात आतही सगळं गोड नव्हतं. वर त्यांचा स्वतःचा सरदार होता, खलिफाच्या दरबारात मानाचा. खाली जिझियाचे १२ दिरहॅम जमवणारा कष्टकरी होता. दोघं एकाच देवाचे, पण एकाच पंक्तीचे नव्हते.

या बगदादचा धागा आपल्या शहरातही आलाय. डेव्हिड ससून तिथल्या पाशाच्या जाचाला कंटाळून निघाला आणि १८३२ साली मुंबईला आला. पुढं त्या घराण्याच्या गिरण्या झाल्या. जाच सोसलेला माणूस आपोआप मजुराच्या बाजूचा होतो, असं कुठं लिहिलेलं नाही.

आणि घाईनं, ज्यू म्हंजे आपणच, असंही म्हणू नका. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना भारताच्या घेट्टोतली मुलं म्हटलं, तो शब्द ज्यूंच्या वस्तीचा. पण ज्यूला दार दाखवलं जात होतं : आमचा धर्म घे, आत ये. स्पेनसारखं आत घेऊनही बाहेर ठेवत, ते वेगळं. आपल्याला तर तो धर्म आपलाच म्हणून सांगत होते आणि दार मात्र नव्हतं. त्याला बाहेरचा म्हणून खाली ठेवला, आपल्याला आतला म्हणून. दोन्हीची चीड एकच असली तरी कुलूप एक नाही. किल्लीही एक नसणार.

शेवटी एक जागा सांगतो. गॅलिलीच्या दक्षिणेला बेथ अल्फा म्हणून ठिकाण आहे. १९२८ साली पाण्याचा पाट खणताना कामगारांच्या फावड्याला रंगीत खडे लागले. खाली सिनेगॉगची फरशी निघाली. मधोमध सूर्य, भोवती बारा राशी, वर मंदिराचं दार, खाली मुलाला बळी द्यायला निघालेला अब्राहाम. लेखात बादशहा जस्टिनचं नाव आहे, म्हणजे सहावं शतक. नवं सिनेगॉग बांधायला बंदी येऊन ऐंशीएक वर्षं झाली होती. कायदा जागेवर होता आणि गावानं वर्गणी काढून फरशी घातली. गावानं कुणाला विचारलं होतं का, त्या लेखात काही नाही. खडे बसवणाऱ्या कारागिरांची नावं तेवढी आहेत. मारियानोस, आणि त्याचा पोरगा हनिना.