औषध देणें आणि औषध थांबविणें

वृद्ध मातापित्यांची शुश्रूषा हें आपलें कर्तव्य होय, याविषयीं आपल्या समाजांत मतभेद नाहीं. परंतु शुश्रूषा म्हणजे काय, असें विचारलें तर बहुतेक सुशिक्षित कुटुंबांतून एकच उत्तर येतें : चांगल्या डॉक्टरांस दाखविणें आणि त्यांनीं दिलेलीं औषधें वेळच्या वेळीं देणें. हें उत्तर पुरेसें आहे काय, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं ऐंशी वर्षांच्या आजीबाई आहेत. रक्तदाबासाठीं त्यांना अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालें. कांहीं आठवड्यांनीं पाय सुजले. ही त्या गोळीची ठाऊक असलेली खोड. पण सूज हा नवा विकार समजून दुसऱ्या डॉक्टरांनीं लघवी होण्याची गोळी दिली. त्यामुळें रात्रीं वरचेवर उठावें लागे. झोप मोडे, म्हणून तिसरीकडून झोपेची गोळी आली. एके रात्रीं गुंगींतच उठतांना तोल जाऊन त्या पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. या हकीकतींत दुष्ट कोणीच नाहीं. डॉक्टर सद्भावनेनें वागले, मुलानें एकहि गोळी चुकूं दिली नाहीं. तरीहि अपाय झाला, आणि तो औषधांनींच झाला.

वार्धक्यांत देहाचा हिशेबच बदलतो. मूत्रपिंडांचें काम मंदावतें. अंगांतील पाण्याचें प्रमाण घटून मेदाचें वाढतें, आणि डायझेपामसारखें औषध शरीरांत दीर्घकाळ रेंगाळतें. सर्दी व खाज यांवरील कित्येक जुनीं औषधें वृद्धांच्या बुद्धीस भ्रम आणतात, आणि घरचीं माणसें त्यास वयाचा परिणाम म्हणतात. ही माहिती गुप्त नाहीं. १९९१ सालीं अमेरिकेंत डॉ. मार्क बीअर्स व त्यांचे सहकारी यांनीं शुश्रूषागृहांतील वृद्धांस शक्य तों देऊं नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. पुढें तिचा व्याप वाढून ती सर्वच वृद्धांसाठीं झाली; २०२३ सालींहि ती सुधारून निघाली आहे. आयर्लंडांतील वैद्यांनीं २००८ सालीं अशीच यादी केली, आणि तिच्या जोडीला आणखी एक दिली : केवळ वय झालें म्हणून जीं उपयुक्त औषधें नाकारलीं जातात त्यांची. यावरून दिसेल कीं, प्रश्न औषधें कमी करण्याचा नसून विवेकाचा आहे.

मग ज्ञान असून आचरण कां नाहीं? आमच्या मतें याचें कारण नैतिक आहे. देणें हें कृत्य दिसतें. थांबविणें हें हात झटकल्यासारखें दिसतें. दुसऱ्यानें सुरू केलेलें औषध बंद करण्यास डॉक्टर कचरतात, आणि 'आईचें औषध तोडलें' हा बोल मुलास नको असतो. दिलेल्या औषधानें अपाय झाला तर तें दैव, थांबविल्यानें झाला तर तें पाप, असा आपला न्याय आहे. तो खरा नव्हे. औषध लिहून देण्यास एक क्षण पुरतो. त्याची जबाबदारी तें पोटांत जात आहे तोंवर चालूच राहते, आणि ती कोणाकडे तरी असलीच पाहिजे.

याचा अर्थ घरच्यांनीं आपल्या मनानें गोळ्या बंद कराव्या असा नव्हे. झोपेच्या गोळ्या एकाएकीं सोडल्यानेंहि अनर्थ होतो. परंतु घरांतील सर्व औषधें, चूर्णें आणि दुकानांतून परभारें आणलेल्या गोळ्यासुद्धां, एका डॉक्टरांपुढें मांडून 'ही कशासाठीं? आणखी किती दिवस?' असें विचारणें हा अविश्वास नव्हे. तोहि शुश्रूषेचाच भाग आहे.

आणि जिच्यासाठीं हें सर्व, तिलाहि विचारावें. या आजीबाई पडण्यापूर्वीं दोनदां म्हणाल्या होत्या, "या गोळीनं मला गरगरतं रे." घरच्यांनीं तो म्हातारपणचा हट्ट समजून गोळी पाण्याबरोबर पुढें केली, आणि मुलाचें मन मोडूं नये म्हणून त्यांनीं ती घेतली.