शिळासप्तमीचं तळं कोणत्या सनातलं?

श्रावणात शिळासप्तमीची कहाणी सांगतात. आटपाट नगरच्या राजानं तळं बांधलं, पण काही केल्या पाणी लागेना. जलदेवतेनं सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला. राजानं सुनेला माहेरी धाडलं, नातवाला न्हाऊ-जेवू घातलं, पलंगावर निजवलं आणि पलंग तळ्यात सोडला. तळं तुडुंब भरलं. पुढं सून परतली, तळ्यापाशी तिनं वसा केला, पाण्यात उतरली, तर पोर येऊन तिच्या पायाला बिलगलं. सगळे आनंदले.

आमचं घर बौद्ध. त्यामुळं ही कहाणी आमच्याकडं यायला नको होती. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ला कामठीहून नागपूरला गेली, बाबासाहेबांच्या दीक्षेत उभी राहिली, आणि घरी येऊन तिनं देव्हाऱ्यातले देव कन्हानच्या पाण्यात सोडले. कहाण्या मात्र तिला सोडता आल्या नाहीत. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा; हात गुंतलेले आणि तोंड रिकामं. त्या रिकाम्या तोंडानं तिनं मला नावडती राणी सांगितली, सोमवारचा ब्राह्मण सांगितला आणि हे तळंही सांगितलं. वसा गाळून, उद्यापन गाळून.

गेल्या श्रावणात मी ते नातीला सांगितलं. ती अकरावीत आहे. तिनं एकच विचारलं, “देवानं मागितलं होतं ना? मंग त्या पोराच्या मायले माहेरी काहून धाडलं? तिले सांगून काहून नाही केलं?”

आजीनं मला कधी हा प्रश्न पडू दिला नव्हता, आणि मीही तो तिला विचारला नव्हता. तो नातीला सुचला याचं श्रेय ती हल्ली वाचते त्या पुस्तकांना आहे. परदेशात किशोरवयीनांसाठी एका प्रकारची कादंबरी लिहिली जाते: जुनी परीकथा घ्यायची आणि ती इतिहासातल्या एका खऱ्या काळात नेऊन ठेवायची. एलिझाबेथ बन्स यांची ‘अ कर्स डार्क ॲज गोल्ड’ ही २००८ची कादंबरी त्यातली. ग्रिमबंधूंनी १८१२ साली छापलेली रंपलस्टिल्टस्किनची गोष्ट तिच्या मुळाशी आहे: राजाच्या हावेपायी गवताच्या काड्यांचं सोनं कातायला बसवलेली मुलगी, तिला मदत करणारा आणि मोबदल्यात तिचं पहिलं मूल मागणारा बुटका. बन्स बाईंनी ती औद्योगिक क्रांतीच्या उंबरठ्यावरच्या एका लोकरीच्या गिरणीत आणली. तिथं मुलीच्या डोक्यावर राजा नाही, गहाणखत आहे. गिरणीवर शाप आहे, पण शापाचा माग काढत गेलं की पूर्वीच्या मालकानं केलेला एक जुना अन्याय सापडतो. विणकरांच्या गावातल्या पोरीला हे पुस्तक परकं वाटलं नाही. कामठीत मोमीन विणकरांच्या मागांचा खटखटाट ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. सुताची उधारी कशी चढते हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

नातीचा प्रश्न आला तसा माझा एक जुना प्रश्न वर आला. धर्म सोडला की त्याच्या गोष्टींचं काय करायचं? देव पाण्यात सोडता येतात, गोष्ट कुठं सोडणार? आमच्या वस्तीत याची दोन उत्तरं मिळतात. काही जण म्हणतात, दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर असल्या कहाण्या तोंडातून निघूच नयेत. काही जण म्हणतात, गोष्ट ती गोष्ट, तिला कसला धर्म. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं उत्तर माझ्या आजीला गप्प करतं. दुसरं त्या राजाला मोकळं सोडतं.

आणि राजा मोकळा सुटतो तो आटपाट नगरामुळंच. ते गाव नकाशावर नाही आणि त्याला साल नाही, म्हणून तिथं कुणी ‘का’ विचारत नाही. पाणी का लागलं नाही? जागा चुकली की पाऊस कमी झाला? तळं खणायला कुणाचे हात होते, त्यांना मजुरी मिळाली का? काही सांगावं लागत नाही. देवतेनं मागितलं, एवढं पुरतं. तीच गोष्ट एखाद्या खऱ्या दुष्काळी सालात नेऊन ठेवा. लगेच राजाला दरबार येतो, दरबारात सल्लागार येतात, कुणीतरी देवतेचा कौल लावलेला असतो आणि त्यात कुणाचा तरी फायदा असतो. सुनेला माहेरी धाडणं ही मग युक्ती राहत नाही. गुन्हा लपवण्याची ती तजवीज होते.

हे मी कल्पनेनं बोलत नाही. याच गोष्टीला राजाचं नाव आणि गाव मिळाल्याचं एक उदाहरण गुजरातेत आहे. पाटणचं सहस्रलिंग तळं बाराव्या शतकात सोळंकी राजा सिद्धराज जयसिंहानं बांधवलं. दंतकथा सांगते की त्यालाही पाणी लागेना, आणि बत्तीसलक्षणी पुरुषाचा बळी ठरला. तिथं राजाचा नातू गेला नाही. गेला तो मायो, अस्पृश्य मानल्या गेलेल्या विणकर समाजातला तरुण. आणि मायो गुपचूप गेला नाही. मरण्याआधी त्यानं राजाकडून आपल्या लोकांवरच्या अपमानकारक बंधनांतून सुटका मागून घेतली. ही दंतकथा आहे, तिला मी इतिहास म्हणत नाही. पण पाहा, गोष्टीला गाव मिळताच बळीला जात मिळाली, आणि जात मिळताच बळीला तोंड फुटलं. आटपाट नगरातलं पोर पलंगावर निजून गेलं होतं, मायो सौदा करून गेला. तरीही तो गेलाच. राजाचं तळं भरलं, मायोच्या वाट्याला वीरपद आलं.

आमच्या जवळही अशी एक गोष्ट आहे. कामठीहून कन्हानचा पूल ओलांडून उत्तरेला गेलं की रामटेक लागतं. तिथल्या माहात्म्यात शंबूकाची कथा आहे: तप करणाऱ्या शूद्राला रामानं मारलं, आणि मेलेला शंबूक धूम्रेश्वराच्या लिंगरूपानं तिथंच पुजला गेला. मारलेल्या माणसाला देऊळ मिळालं. पण त्याला का मारलं, या प्रश्नावर देऊळ बांधलं गेलं तसा प्रश्नच झाकला गेला.

मग ‘का’ विचारून गोष्ट पुन्हा सांगणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही परदेशी कादंबरीच्या आधी बाबासाहेबांनी दाखवलं होतं. फक्त मी त्याकडं तसं पाहिलं नव्हतं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली आला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा आपण सगळे जाणतो: राजवाड्यात कोंडून ठेवलेला राजपुत्र रथातून बाहेर पडतो, म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघतो आणि मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून निघतो. ही पूर्ण परीकथा आहे, अगदी कोंडलेल्या राजपुत्रासकट. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच तिला अडवलं. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे कसं मानायचं?

आणि मग त्यांनी कथा खऱ्या काळात नेली. तिथं शाक्यांचा संघ आहे, त्याच्या सभा आहेत, बहुमत आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या मधून रोहिणी नदी वाहते, आणि शेतीला पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी झालेली आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठून म्हणतो, आधी चौकशी करा, दोन्ही बाजूंची माणसं नेमून वाद मिटवा. त्याची सूचना हरते. तो सैन्यात जायला नकार देतो, शिक्षा म्हणून देशत्याग पत्करतो. निघतो तो आईबापांशी बोलून, यशोधरेला सांगून. आणि ती त्याला अडवत नाही.

रोहिणीचा तंटा बाबासाहेबांनी हवेतून आणलेला नाही. पाली परंपरेत तो आहे, पण तिथं बुद्ध झाल्यावर ते तो मिटवायला जातात. तो गृहत्यागाच्या मुळाशी नेऊन ठेवणं हे पुनर्कथन आहे. धर्मानंद कोसंबींनीही आधी मराठीत त्याच दिशेनं विचार केला होता. यावर आक्षेप घेणारे आहेत. परंपरेत नाही ते घातलं, असं ते म्हणतात. पण मला त्यातला नैतिक फरक महत्त्वाचा वाटतो. चार दृश्यांच्या कथेत दुःखाला कर्ता नाही. म्हातारपण, आजार, मरण ही कुणी केलेली नाहीत. रोहिणीच्या कथेत दुःख पाण्याच्या वाटपातून येतं, ठरावातून येतं, हात वर करणाऱ्या माणसांकडून येतं. पहिल्या दुःखापासून एकट्यानं सुटायचं असतं. दुसरं दुःख माणसांनी आणलेलं, ते माणसांनाच निस्तरता येतं.

गंमत अशी की जुन्या बौद्ध कथाकारांनाही ही कला येत होती, पण त्यांनी तिची दिशा उलटी ठेवली. जातककथा पाचशे सत्तेचाळीस. प्रत्येकीत आधी बुद्धाच्या काळातला एखादा प्रसंग, मग जुनी गोष्ट, बहुतेकदा वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करीत असतानाची, आणि शेवटी जोडणी: तेव्हाचा तो आजचा हा. लोकांच्या तोंडातल्या माकडा-मगरींच्या गोष्टींना त्यांनी राजा दिला, नगर दिलं, म्हणजे जवळजवळ साल दिलं. पण कारण मागच्या जन्मात नेऊन ठेवलं. मागच्या जन्मीच्या कर्मामुळं आजचं दुःख, हे मानलं की गरिबालाच त्याच्या गरिबीचा कर्ता ठरवता येतं. बाबासाहेबांनी हे स्पष्ट नाकारलं. कारण शोधायचं तर ते याच जन्मात, याच गावात.

आता आक्षेप. सगळ्या गोष्टींना साल लावत सुटलं तर गोष्टीचा आसरा मोडतो. जेन योलेन यांची ‘ब्रायर रोझ’ ही १९९२ची कादंबरी हेच सांगते. त्यातली आजी नातींना आयुष्यभर झोपलेल्या राजकन्येचीच गोष्ट सांगते. ती गेल्यावर नात शोध घेते, तेव्हा तो झोपेचा किल्ला म्हणजे पोलंडमधली हेल्मनोची नाझी मृत्युछावणी निघते, आणि ती झोप म्हणजे विषारी वायू. आजीला तारखेनिशी सांगणं शक्य नव्हतं. परीकथेतूनच ते तिच्या तोंडून बाहेर पडू शकलं. माझ्या आजीचंही काही अंशी तसं असावं. तिची दोन मुलं लहान असतानाच गेली होती. तळ्यात गेलेलं पोर मायच्या पायाला बिलगतं, हा भाग ती नेहमी हळू सांगायची. तिला मी त्या वेळी साल विचारलं असतं तर ते क्रूर झालं असतं. साल लावायचा हक्क ऐकणाऱ्याचा, सांगणाऱ्यावर तो लादू नये.

दुसरा आक्षेप नातीच्या पुस्तकांवर. त्यातल्या काहींत शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची मुलगी आजच्या कॉलेजातल्या मुलीसारखी विचार करते, बेधडक बोलते आणि तिला काही होत नाही. हे मला खटकतं. त्या काळात तोंड उघडण्याची किंमत काय होती ते लपवलं की ज्या बायकांनी ती खरोखर मोजली त्यांचा अपमान होतो.

तिसरा सगळ्यांत गंभीर. गोष्टीला साल देणं वेगळं, आणि गोष्टच इतिहास आहे असं म्हणणं वेगळं. आपल्याकडं दुसरी गोष्ट फार होते. दंतकथेला सन मिळाला की तो हातात घेऊन माणसं दुसऱ्याच्या दारात जातात. मी म्हणते ते साल शोधाचं आहे, मालकीचं नाही. ते आपल्याच राजाला जाब विचारण्यासाठी लावायचं, शेजाऱ्याला नव्हे.

नातीला मी म्हटलं, मग तूच एक लिही, पण इथली. तिनं रंपलस्टिल्टस्किन कामठीत आणला, १९३०च्या आसपास. तिच्या गोष्टीत गवताच्या काड्या नाहीत, तेंदूपत्ता आहे. मुलीला एका रात्रीत ढीगभर विड्या वळायच्या आहेत आणि सट्टेदार, म्हणजे विड्यांचा ठेकेदार, छाटीत निम्म्या काढून टाकतो. बुटका येतो, मदत करतो, पहिलं मूल मागतो. मूळ गोष्टीत बुटक्याचं नाव ओळखलं की सुटका होते. इथं नात अडकली. तिला बुटका दुष्ट वाटेना. तोही छाटीनं नागवलेला जुना कामगारच असणार, असं तिला वाटू लागलं.

मी तिला बाबू हरदासांबद्दल सांगितलं. १९०४ला याच कामठीत जन्मलेला माणूस, विडी कामगारांची संघटना बांधणारा, ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारा, १९३७च्या निवडणुकीत आमदार झालेला आणि १९३९ला क्षयानं पस्तिशीतच गेलेला. त्यांच्या काळात गोष्ट ठेवली तर नाव ओळखायचं ते बुटक्याचं नाही. छाट कोण ठरवतो, कशावरून ठरवतो, छाटलेल्या विड्यांचं पुढं काय होतं, हे उघड बोलणं म्हणजे नाव ओळखणं. आणि ते एकट्या मुलीला रात्रीत करता येत नाही; त्याला सभा लागते, पावती लागते, शेजारच्या बायका लागतात.

म्हणून माझं उत्तर असं. सोडलेल्या धर्माच्या गोष्टी ना जाळायच्या, ना तशाच पुढं द्यायच्या. त्यांना गाव आणि साल द्यायचं, आणि त्या टिकतात का पाहायचं. शिळासप्तमीतला राजा टिकत नाही. पाण्यात उतरणारी माय टिकते. २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायला उतरली तेव्हा कुणाचा बळी मागायला जलदेवता आली नव्हती. अडवायला आणि मारायला माणसंच आली, त्यांना नावं होती, आणि म्हणूनच त्यांच्याविरुद्ध उभं राहता आलं. हे तळं मी आता नातीला पहिल्या तळ्याच्या लगेच पाठोपाठ सांगते. कोणतं तळं कशानं भरलं ते तिचं ती ठरवते.