पंगतीचा हिशेब

मनुष्याच्या दिवसाचे तास चोवीसच. त्यांत शरीराचा व्यायाम, घरचें काम आणि स्नेह्यांसोबत चार घांस सुखानें खाणें ह्या तीन गोष्टी कशा बसवाव्या, हा प्रश्न पुष्कळांस पडतो. पहाटे उठावें, कोसभर चालून यावें, मग कामें उरकावीं व सायंकाळ मित्रांस द्यावी, असा उपदेश करणारेही ठिकठिकाणीं भेटतात. परंतु एकाच्या दिवसांत ह्या तिन्ही गोष्टी नीट बसाव्या म्हणून दुसऱ्या कोणाच्या दिवसांतून किती वेळ काढून घेतला गेला, हें ते विचारीत नाहींत. तें पाहिल्यावांचून त्या दिवसास समतोल म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

प्रथम व्यायाम व काम ह्यांचें नातें पाहूं. लंडन शहरांत दुमजली बसगाडीवर दोन मनुष्यें काम करीत. एक बसून गाडी हांकी, दुसरा तिकिटें देत दिवसभर जिना चढे व उतरे. डॉक्टर जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधांत असें दिसून आलें कीं, हृदयविकाराचें प्रमाण तिकिटें देणाऱ्यांत कमी व गाडी हांकणाऱ्यांत अधिक होतें. म्हणजे पोटासाठीं केलेले श्रम शरीराच्याही उपयोगीं पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जे नियम सांगितले, त्यांत प्रौढ मनुष्यानें आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम प्रकारचे श्रम करावे असें म्हटलें असून घरकामही त्या श्रमांत धरलें आहे. पूर्वीं निदान दहा मिनिटें तरी सलग श्रम झाले पाहिजेत अशी अट असे, तीही ह्या वेळीं काढून टाकिली.

हें ऐकून एखादा गृहस्थ समाधानानें म्हणेल, "तर मग आमच्या कुटुंबाला निराळा व्यायाम नको, तिचा तो आपोआप होतो." ह्यांत अर्धेंच सत्य आहे. डोक्यावर हंडा व कांखेंत कळशी घेऊन चढण चढणारीस फिरावयास जा म्हणून कोणी सांगूं नये, हें खरें. परंतु चुलीपुढें व भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढें तासन्‌तास वांकून बसल्यानें पाठ धरते; ती पाठ सरळ करावयास तिला सवड कोठें असते? शिवाय, आखाड्यांतून आलेल्या मुलापुढें दुधाचा पेला ठेवण्यांत येतो व त्याला घटकाभर स्वस्थ पडूं देण्यांत येतें. चुलीपुढून उठलेलीपुढें काय येतें? सर्वांचें झाल्यावर टोपलींत राहिलेली गार भाकर आणि भांड्याच्या तळचें कालवण. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं ५७ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु शेवटीं जेवण्याची रीत त्यांपैकीं एक नाहीं, असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.

वेळेचा हिशेबही झालेला आहे. सरकारनें २०१९ सालीं केलेल्या पाहणींत, घरचें बिनमोल काम करणाऱ्या स्त्रीचीं दिवसास सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात व पुरुषाचीं ९७, असें निघालें. आणि हें काम करणारे पुरुष शंभरांत सव्वीसच भरले. उरलेल्या चौऱ्याहत्तरांपैकीं कित्येक नित्यनेमानें फिरावयास जात असतील. त्यांच्या आरोग्याबद्दल आम्हांस आनंदच आहे.

श्रम आणि सोबत ह्यांचा मेळ आपल्याकडे जात्यावर बसला होता. दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढीत व ओव्या गात. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनीं गांवोगांव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, त्यांत बायकांचें सारें सुखदुःख सांपडतें. तथापि जात्याचें फार कौतुक करूं नये. गिरणी आली तेव्हां जातें सुटलें म्हणून कोणी शोक केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

मार्था व मरीया ह्यांची गोष्ट आपल्या मंडळ्यांत वारंवार सांगितली जाते, आणि बहुधा बिचाऱ्या मार्थेस दोष देऊन ती संपते. तिची तक्रार मात्र नीट ऐकावी. काम आहे हें तिचें दुःख नव्हतें. आपणांस एकटीलाच तें करावें लागतें, हें होतें. त्यांचा भाऊ लाजार त्या वेळीं कोठें होता, हें लूक सांगत नाहीं.

मित्रांस जेवावयास बोलवूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. स्नेह्यांबरोबर जेवणें हें देवाचें मोठें दान आहे, आणि ज्या घरीं कोणी येत नाहीं तें घर कितीही टापटिपीचें असलें तरी उदासच. पाहुणे येणार त्या दिवशीं पांच पदार्थ न करितां पिठलें, भाकरी व कांदा एवढेंच करावें. पाणी यजमानानें भरावें. खरकटीं जेवणारांनीं उचलावीं व घासावीं. आणि जिनें रांधलें तिचें पान पहिल्या पंगतींत मांडावें. पुरुषास भाकर थापतां येत नाहीं ही सबब आम्हांस पटत नाहीं. लग्नांत शेंकडों पानांचा स्वयंपाक करणारा आचारी बहुधा पुरुषच असतो.

ह्या बाबतींत हुरड्याची रीत आम्हांस फार आवडते. ज्वारीचें कणीस दाण्यानें भरलें पण अजून कोंवळें आहे, अशा दिवसांत मंडळी गांवापासून शेतापर्यंत चालत जातात. गोवऱ्यांची आगटी पेटते. कोणी कणसें मोडून आणतो, कोणी भाजतो, कोणी हातावर चोळून दाणे पुढें सारतो. सोबत गूळ असतो, चटणी असते. चालणें, काम व खाणें तेथें एकाच वेळीं होतें. धूर वाऱ्यानें फिरेल तिकडे सर्वांच्या डोळ्यांस लागतो, आणि मागें घासावयास भांडींही फारशीं उरत नाहींत. मात्र कित्येक गांवीं हुरड्याला पुरुषच जातात, आणि बायका त्या वेळीं घरीं त्यांच्या रात्रीच्या जेवणाची तयारी करीत असतात.