सावकाश घास

वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजींना पाणी पिताना ठसका लागतो आणि कुणीतरी घाईनं म्हणतं, "अजून थोडं पाणी प्या." तिथेच थांबायला हवं. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांचं गिळणं मंदावतं. पातळ पाणी मात्र झरकन घशाशी पोचतं. श्वासनलिका वेळेवर झाकली गेली नाही, तर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. कित्येकांना ठसकासुद्धा लागत नाही. जेवणानंतर ओलसर झालेला आवाज, वरचेवर येणारा ताप, उतरत चाललेलं वजन, एवढ्याच काय त्या खुणा.

भरवणाऱ्यानं समोर बसावं. आजी-आजोबांना ताठ बसवावं, मान मागे झुकू देऊ नये. चमचा लहान, आणि तोंडातला घास उतरल्याशिवाय पुढचा नको. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नये. तोंड आणि कवळी रोज स्वच्छ हवी, कारण तिथलेच जंतू फुप्फुसात जातात. कोरडे पोहे, चुरमुरे जोखमीचे. पातळ वरणात शितं तरंगणारा भातही अवघडच. अन्न किती मऊ, पाणी किती दाट, हे डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट तपासून ठरवतात.

एक मात्र मनापासून सांगते. भात, वरण, भाजी सगळं एकत्र वाटून त्याचा एकच लगदा देऊ नका हो. वेगवेगळं घोटा, ताटात वेगवेगळं वाढा, आणि भरवताना सांगा, "आजी, आज दुधी केलाय."