गवत कुणाचं?

"जमीन त्यांची आहे म्हणतोस, मग त्यांच्याच गाईंना आत चरायला परवानगी कसली?" आत्यानं विचारलं.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सीमेला लागून असलेल्या मारा नाबोइशो या राखीव माळरानात आम्ही होतो. समोर लाल शुका पांघरलेला एक पोरगा गुरं वळवत होता. त्यानं जिभेनं टक्क आवाज काढला, पुढच्या गाईनं मान फिरवली आणि गळ्यातली घंटा वाजवत ती बाकीच्यांना घेऊन ओढ्यापलीकडे उतरली. अलीकडे गवत गुडघाभर होतं. पलीकडे मातीला टेकलेलं.

मी म्हणालो, "ही पूर्वी मसाईंची सामाईक कुरणं होती. नंतर वाटण्या झाल्या, घराघराला साधारण दीडशे एकर आले. तुला-मला ती जहागीर वाटेल. पण पाऊस पडेल तिकडे गुरं नेणाऱ्याला तेवढी जमीन पुरत नाही. त्यात जो तो कुंपण घालू लागला, की गाईंचीही वाट बंद आणि वन्यप्राण्यांचीही. म्हणून २०१० मध्ये पाचशेच्या आसपास मालकांनी आपापले तुकडे पुन्हा एकत्र केले आणि पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्यानं दिले. पर्यटक येवोत न येवोत, जमिनीच्या मापानं दरमहा भाडं. बदल्यात वस्ती बाहेर, चराई ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पट्ट्यात."

"म्हणजे भाडं देऊन गवत राखलंय. आपल्याला बघायला."

"प्राण्यांना खायला."

"आणि ते प्राणी आपल्याला बघायला. तेवढं वाक्य पुरं कर."

"करतो. पण दुसरी बाजूही धर. केनियातले बहुतेक वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर राहतात, लोकांच्या जमिनीवर. १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या माळरानांवरचे प्राणी दोन तृतीयांशांनी घटले. भाडं थांबलं तर उद्या इथं तारा येतील. आणि आपल्याकडे काय केलं? ताडोब्यात गावं उठवून वाघाला जागा केली. इथं निदान सही मालकाची आहे."

"सह्या उठणाऱ्यांकडूनही घेतात," आत्या म्हणाली. तिचं माहेर चंद्रपूरचं. यावर मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, "पर्यटक येवोत न येवोत म्हणालास. २०२० साली काय झालं?"

"विमानंच बंद झाली. बऱ्याच ठिकाणी भाड्यात कपात झाली."

"मग माळ राखायचा त्यांनी, आणि पैसे मात्र विमानं उडतील तसे. मालक कोण ते ओळखायची माझी खूण साधी आहे. 'नाही' कोण म्हणू शकतं?"

"इथं म्हणतात ना! साडेतीनशे एकरांमागे एकच तंबू. एका सिंहापाशी पाचच गाड्या."

"ते तर आपल्याच सोयीचं. गर्दी नको म्हणूनच आपण जास्तीचे पैसे मोजले. आपल्या गैरसोयीचं एखादं 'नाही' सांग."

मला सांगता येईना. भाडं कुंपणापेक्षा बरं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण ज्या करारात एका बाजूला रोजचं दूध आहे आणि दुसऱ्या बाजूला वर्षातून एकदाची सुट्टी, तिथं अडचण सोसायची पाळी आधी कुणावर यावी, याचा विचार मी केलाच नव्हता.

गाडी चालवणारा आमचा मसाई गाइड इथल्याच कोइयाकी गाइडिंग स्कूलमध्ये शिकलेला. आम्ही काय बोलतोय ते त्यानं विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाला, "वडिलांचा तुकडा यातच आहे. भाड्यातून माझी फी भरली. करार नको, असं मी म्हणणार नाही."

"आणि आई?" आत्यानं विचारलं.

"दूध तीच काढते. घर तिनंच शेणामातीनं बांधलंय. कागदावर नाव वडिलांचं." थोडं थांबून तो म्हणाला, "नवा करार होईल तेव्हा मला दोन गोष्टी हव्यात. भाड्याचा वाटा आईच्या हातात, आणि दुष्काळात आतलं गवत आधी गुरांना. कंपनीवाले म्हणतात, पाहुण्यांना फोटोत गाई चालत नाहीत. तुम्हाला चालतील?"

"चालतील," मी म्हणालो. "आणि त्या वर्षी सिंह कमी दिसले तरी पैसे तेवढेच देईन."

"हे त्याला सांगून काय उपयोग?" आत्या म्हणाली. "कॅम्पवर गेलास की अभिप्रायाच्या वहीत लिही, खाली नाव-पत्त्यासह. भाडं देणारे ती वही वाचतात. आणि आईच्या वाट्याचं मी लिहिते, ते तू विसरशील."