निर्हेतुक हांक

कोल्हापुराहून पन्हाळा अवघा २० किलोमीटर. माथ्यापर्यंत मोटार जाते. चढाईचा पराक्रम तेथें लागत नाहीं. अशा सुगम, झाडीच्या डोंगरावर पौषांतल्या एखाद्या सकाळीं कोणी हौशी रेडिओवाला ५ वॅटचें यंत्र मांडतो, १० मीटरांची तार दोन झाडांच्या दरम्यान ताणतो आणि तासभर अज्ञाताला हांका मारीत बसतो, अशी कल्पना करा. उत्तर आलें तर त्याला काय मिळतें? समोरच्याचें सांकेतिक नाम, आणि 'तुमचा आवाज अमुक स्पष्टतेनें पोंचला' एवढी पावती. खिशांत दूरध्वनि असतांना हा खटाटोप कशासाठीं, असें व्यवहारी मनुष्य विचारील. आणि तो प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. ज्या बोलण्यांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं, त्याला मोल असतें काय?

स्थळाची व ऋतूची निवड मात्र निव्वळ लहरीची नव्हे. दोन मीटर लांबीच्या रेडिओलहरी बहुधा सरळ जातात. म्हणून सपाटीहून ४०० मीटर उंच गेलें कीं त्यांचें क्षितिज सुमारें ८० किलोमीटरांपर्यंत विस्तारतें. त्यांहून लांब लहरी आकाशांतून परावृत्त होऊन दूरदेशीं पोंचतात. पण वळवाच्या दिवसांत विजांच्या खरखरीनें त्या झांकोळतात. हिवाळ्यांत ती खरखर ओसरते, आणि क्षीण आवाजालाहि वाट मिळते.

परंतु खरें मर्म या हौसेच्या नियमांत आहे. परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. नंतरहि व्यापार करावयाचा नाहीं, मोबदला घ्यावयाचा नाहीं, गुप्त लिपि वापरावयाची नाहीं. संभाषणांतून स्वार्थ असा वजा केल्यावर उरतें तें केवळ परस्परांचें ऐकणें. दोघांनींहि एकमेकांचें नाम अचूक ऐकून तसें कळविलें, तरच भेट झाली असें मानतात. १९४२ सालीं उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत चालविलेलें गुप्त नभोवाणीकेंद्र थोर होतें. पण त्याचें काम लोकांना सांगण्याचें होतें. येथें मात्र ऐकल्यावांचून बोलणें पुरेंच होत नाहीं.

यावर कोणी उपयुक्ततेचा दाखला पुढें करील. डिसेंबर २००४ मध्यें कांहीं हौशी मंडळी केवळ दूरदूरचे संपर्क साधण्यासाठीं अंदमानांत गेली होती. २६ तारखेस त्सुनामी आली, नेहमींचीं दळणवळणाचीं साधनें कोलमडलीं, आणि याच मंडळींनीं पोर्ट ब्लेअरहून निरोप पोंचविले. दाखला खरा आहे. पण हौसेचें समर्थन त्यावर उभारणें मला मान्य नाहीं. संकटाची वाट पाहत केलेली मैत्री ही मैत्री नव्हे, तो विमा होय.

आपल्या खेड्यांत वाटेवर भेटणारा अनोळखी मनुष्यहि 'रामराम' म्हणतो. त्या शब्दांत वार्ता नसते, मागणी नसते. 'तूं आहेस हें मीं जाणलें' एवढाच त्याचा अर्थ. काम असेल तेव्हांच तोंड उघडणाऱ्याच्या शब्दाला गांवांत किंमत नसते. आज आपलें बहुतेक बोलणें कांहींतरी विकण्यासाठीं, पटविण्यासाठीं वा मिळविण्यासाठीं चालतें, आणि समोरच्यानें तें खरोखर ऐकलें किंवा नाहीं याची चौकशी कोणी करीत नाहीं. अशा काळांत कांहीं न मागतां हांक मारणें, आणि दुसऱ्याची हांक नीट ऐकल्याची पावती देणें, हें माणुसकीचें अगदीं प्राथमिक कर्तव्य होय. उपयोग त्याच्या मागोमाग आला तर यावा. त्याच्यासाठीं तें करावयाचें नसतें.